राखलेले रान आणि त्याचे धनी

सफर हा शब्द मराठीला परका नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि त्याच्याच कुळातला मुसाफिर हा शब्दही आपल्या तोंडी रुळला. हाच अरबी शब्द व्यापारी गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिली भाषेत सफारी झाला. त्याचा मूळ अर्थ नुसता प्रवास. पुढे युरोपीय शिकारी हमालांचे तांडे, तंबू आणि बंदुका घेऊन त्या खंडाच्या अंतर्भागात शिरू लागले, तेव्हा सफारी म्हणजे शिकारीची मोहीम असा अर्थ रूढ झाला. आज बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आले आहेत आणि वन्य प्राणी पाहण्यासाठी केलेली सहल एवढाच सौम्य अर्थ शिल्लक राहिला आहे. आपल्याकडे तर हा शब्द चार खिशांच्या पोशाखालाही चिकटला आणि बरीच वर्षे सरकारी कचेऱ्यांतून मिरवला.

अशा सहलीसाठी दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला एका गोष्टीचे प्रथम नवल वाटते. तिथे रानाला मालक असतो. आपल्याकडे अरण्य म्हटले की ते सरकारचे, अशी गेल्या दोन-तीन पिढ्यांची पक्की समजूत आहे. पूर्वी तसे नव्हते. रमणा हा जुना मराठी शब्द शिकारीची जनावरे राखण्यासाठी घेरलेल्या रानाचाच वाचक होता. कोल्हापूरच्या महाराजांचे दाजीपूर, जयपूरच्या राजांचे रणथंबोर, रेवा संस्थानचे बांधवगड, म्हैसूरचे बंदीपूर ही सारी राजेलोकांच्या मृगयेची राखीव राने होती. संस्थाने विलीन झाली, राने सरकारजमा झाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. इंदूर, जबलपूर, बडोदे, बंगळूर अशा ठिकाणी वसलेल्या मराठी कुटुंबांना कान्हा, गीर किंवा बंदीपूरची फेरी आता नित्याची झाली आहे. पण तिथे जाताना वनखात्याच्या फाटकावर परवाना दाखवावा लागतो. रान पाहायचे ते सरकारचे पाहुणे म्हणून.

दक्षिण आफ्रिकेत सरकारी अरण्येही आहेत, आणि त्यांच्या सीमेला सीमा लावून खासगी राखीव रानेही आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेचे साबी सँड. साबी आणि सँड या दोन नद्यांची नावे जोडून हे नाव झाले आहे. त्याचा विस्तार सुमारे ६५ हजार हेक्टर, म्हणजे आपल्या ताडोबा-अंधारीच्या गाभा क्षेत्राहून किंचित मोठा. ते एका मालकाचे नाही. अनेक जमीनदारांनी आपापल्या जमिनी न विकता, मधली कुंपणे काढून, एका व्यवस्थेखाली आणल्या आहेत आणि त्यांत जागोजाग पाहुण्यांसाठी निवासस्थाने उभारली आहेत.

या रानाचा इतिहास क्रूगर उद्यानाच्या इतिहासापासून वेगळा सांगता येत नाही. १८९८ साली ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांनी साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला प्रदेश शिकारबंद घोषित केला. त्यापूर्वीच्या काही दशकांत हस्तिदंत आणि कातडी यांच्या लोभाने त्या मुलखातील जनावरे जवळजवळ संपत आली होती. बोअर युद्ध संपताच १९०२ साली जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याची तेथे पहिला रक्षक म्हणून नेमणूक झाली. तो १९४६ पर्यंत, मध्यंतरीचा युद्धकाळ सोडला तर सतत, त्या पदावर राहिला. १९२६ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, जुनी राखीव क्षेत्रे जोडली गेली आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. आज त्याचे क्षेत्र सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. पण सीमा आखताना पश्चिमेचा एक पट्टा बाहेर ठेवण्यात आला. त्यात गोऱ्या जमीनदारांची आणि कंपन्यांची शेते होती. साबी सँडचा जन्म या वगळलेल्या पट्ट्यातून झाला.

शेते म्हणायची एवढेच. हिवतापाचा मुलूख, पावसाचा भरवसा नाही, गुरे सिंहांच्या तोंडी जायची. म्हणून कित्येकांनी त्या जमिनी हिवाळ्यात शिकारीला येण्यासाठी ठेवल्या. आज लोंडोलोझी म्हणून जगभर गाजलेले ठिकाण १९२६ साली वार्टी आणि उंगर या दोन मित्रांनी सिंहांच्या शिकारीसाठी घेतलेले शेत होते. १९६९ साली वडील वारल्यावर वार्टी घराण्यातील दोन तरुण भावांपुढे ही जमीन विकावी की राखावी असा प्रश्न आला. त्यांनी ती राखली आणि १९७३ पासून पाहुणे घेण्यास आरंभ केला. सुरुवातीला मातीच्या काही झोपड्यांपलीकडे तेथे फारसे काही नव्हते. गुरांच्या अतिचराईने गवत गेले होते, माती वाहून ओघळी पडल्या होत्या, काटेरी झुडपांनी मोकळी कुरणे गिळली होती. केन टिनली या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने झुडपे तोडली, ओघळी बांधल्या, पाणी मुरू दिले. गवत आले तशी हरणे आली, आणि हरणांमागून त्यांचे शिकारी आले. जंगल राखणे म्हणजे पुष्कळदा आधी माती राखणे असते, हे आपल्या पाणलोटाच्या कामांत वावरलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

अशा रानात पाहुण्याचा दिवस कसा जातो, ते आता पाहू.

उत्तम ऋतू मे ते सप्टेंबर. आपल्याकडे पावसाळा ऐन भरात असतो तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो. गवत पिवळे पडून बसलेले, झाडे उघडी, पाणी मोजक्या डबक्यांत आणि नदीच्या डोहांत. त्यामुळे जनावरे पाण्याजवळ येतात आणि दुरूनही दिसतात. पहाट होण्यापूर्वी पाहुण्याला उठवितात. चहाचा एक पेला घेऊन तो उघड्या मोटारीत बसतो. मोटारीला छप्पर नाही, बाजूंना काचा नाहीत, आणि थंडी अशी की मांडीवर घोंगडी लागते. मागे सात-आठ पाहुणे, चालविण्याच्या जागी बंदूक जवळ ठेवलेला मार्गदर्शक, आणि सर्वांच्या पुढे, मोटारीच्या नाकाडाशी जोडलेल्या एका लहानशा खुर्चीवर, माग काढणारा माणूस.

हा पुढे बसलेला माणूस या सहलीचा खरा नायक. तो बहुधा शांगान असतो. शांगान म्हणजे त्या भागात राहणारे त्सोंगाभाषक लोक. वाळूवर उमटलेला पंजा पाहून तो मोटार थांबवितो, खाली उतरतो आणि ठशावर वाकतो. ठशाच्या कडा ढासळल्या आहेत की ताज्या आहेत, त्यावर दव पडले आहे की दवाच्या वर ठसा उमटला आहे, रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ ठशावरून गेली आहे की ठशाखाली दबली आहे, एवढ्यावरून तो जनावर केव्हा गेले ते सांगतो. मग तो कान देतो. इंपाला हरणे नाकातून फुत्कार टाकतात, खार चिडून चिटचिटते, वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरते. ताडोब्यात चितळाची आणि वानराची साद ऐकून गाडी थांबविणारा आपला वाटाड्या आणि हा शांगान एकमेकांची भाषा न जाणताही एकमेकांचे काम चटकन ओळखतील. बिनतारी यंत्रावर मार्गदर्शक आपसांत बोलतात तेव्हाही प्राण्यांची नावे पुष्कळदा स्थानिक भाषेतच घेतात. सिंहाला न्गाला म्हणतात आणि बिबळ्याला इंग्वे. पाहुण्याला आधी आशा लागू नये आणि मग ती भंगू नये, हाही त्यात एक हेतू असतो.

रानही अगदीच अनोळखी वाटत नाही. फांदीवर बसलेला निळ्या-जांभळ्या पंखांचा पक्षी आपल्या नीलकंठाचा सख्खा भाऊबंद. नदीकाठचा उंच, गर्द जॅकलबेरी वृक्ष आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला. फळांनी लगडणारा मारुला आपल्या आंब्याच्या आणि बिब्ब्याच्या कुळातला. पाण्यात टाकले तर बुडावे इतके जड लाकूड असलेला लेडवुड मेल्यावरही कित्येक वर्षे उभा राहतो, आणि त्याच्या करड्या सांगाड्यावर गरुड बसतात. मारुल्याच्या आडव्या फांदीवर बिबळ्या आपली शिकार ओढून नेतो, कारण खाली तरसे वाट पाहत असतात.

आणि एखाद्या सकाळी तो बिबळ्याच समोर येतो. मोटार दहा-पंधरा पावलांवर थांबते, यंत्र बंद होते. तो मान वळवितो, पाहतो, आणि आपल्या वाटेने चालू लागतो. जुन्नरच्या उसात राहणारा बिबळ्या माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो. मग इथला का पळत नाही? पाहुण्याला वाटते, हे जनावर माणसाळलेले असावे. तसे नाही. त्याला कोणी खाऊ घालीत नाही आणि कोणी हातही लावीत नाही. चार-पाच दशके त्या रानातील मोटारींनी बिबळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना एकदाही त्रास दिला नाही, म्हणून आईच्या मागून येणारे पिल्लू मोटारीला दगडधोंड्यासारखे मानू लागते. मिशांच्या वरच्या ओळीतील ठिपक्यांवरून एकेक बिबळ्या ओळखता येतो. त्यांच्या वंशावळी मार्गदर्शकांना तोंडपाठ असतात.

हा विश्वास टिकावा म्हणून नियम कडक आहेत. मोटारीत उभे राहायचे नाही, कारण उभ्या माणसाची आकृती दिसली की जनावराला मोटार आणि माणूस यांतील भेद कळतो. मोठ्याने बोलायचे नाही. एका जनावरापाशी एका वेळी दोन-तीनच मोटारी थांबतात, बाकीच्या दूर राहून पाळीची वाट पाहतात. रात्री हातदिव्याचा झोत हरणांच्या डोळ्यांवर टाकायचा नाही, कारण दिपलेले हरीण शिकाऱ्याच्या तोंडी आयते जाईल. पायवाट सोडून झुडपांत मोटार घालण्याची मुभा इथे आहे, पण माती ओली असली तर नाही. क्रूगरच्या सरकारी भागात सामान्य प्रवाशाला रस्ता सोडता येत नाही आणि सूर्यास्तापूर्वी छावणीत परतावेच लागते. खासगी रानात अधिक पैसे मोजले की ही जवळीक मिळते. या सौद्यात पाहुणा विकत घेतो ती खरे पाहता दुसऱ्यांनी अनेक वर्षे पाळलेली शिस्त होय.

पैशांची गोष्ट निघालीच आहे तर तीही स्पष्ट सांगितलेली बरी. साबी सँडमधील नामांकित निवासात एका रात्रीचे भाडे आपल्याकडील पुष्कळ नोकरदारांच्या महिनाभराच्या वेतनाहून अधिक असते. त्यात भोजन, दोन वेळच्या फेऱ्या, मार्गदर्शक, सारे येते. रात्री बोऱ्याच्या गोल आडोशात, शेकोटीभोवती जेवण होते. त्या आडोशाला बोमा म्हणतात. जेवण झाल्यावर पाहुण्याला त्याच्या खोलीपर्यंत एक माणूस दिवा घेऊन पोचवितो, कारण पुष्कळ निवासांना कुंपणच नसते आणि हत्ती अंगणातून चालत जातात.

कुंपण हा या रानाच्या कथेतील सर्वांत बोलका धागा आहे. १९६१ साली क्रूगर उद्यानाच्या पश्चिम सीमेवर तारेचे कुंपण पुरे झाले. कारण शेतीचे होते. रानरेड्यांच्या अंगी लाळ-खुरकताचे विषाणू असतात, ते गुरांत पसरू नयेत म्हणून सरकारने जनावरांची ये-जा तोडली. पण विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे कळप शतकानुशतके कोरड्या ऋतूत पश्चिमेकडे, डोंगराच्या पायथ्याशी पाणी आणि गवत शोधीत जात. ती वाट बंद झाली. कळप तारेपाशी अडले आणि रोडावले. एका बाजूला सरकारी रान, दुसऱ्या बाजूला खासगी रान, मध्ये तार. नकाशावरची रेघ दोघांनाही मान्य होती, फक्त जनावरांना ती कोणी विचारली नव्हती.

१९९१ साली दक्षिण आफ्रिकेत एक कायदा झाला. योग्य कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्य जनावर निसटून बाहेर गेले तरी त्यावरील मालकाचा हक्क जात नाही, असे त्याने ठरविले. त्यामुळे जनावरे राखणे हा किफायतशीर धंदा झाला, आणि गुरांची कित्येक शेते पुन्हा रान झाली. या धोरणाला यश आले नाही असे म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील पांढरे गेंडे शंभराच्याही खाली आले होते. आज दक्षिण आफ्रिकेतील अशा गेंड्यांपैकी निम्म्याहून अधिक खासगी रानांत आहेत. शिंगासाठी होणाऱ्या चोरट्या हत्यांचा खर्चिक पहाराही मालकांनाच करावा लागतो. एकट्या २०१४ साली त्या देशात १,२१५ गेंडे मारले गेले. शिंगच नसले तर मारेकरी येणार नाही, या आशेने कित्येक ठिकाणी गेंड्याला गुंगी देऊन त्याचे शिंग कापून टाकतात.

मालकी हक्काचा हा कायदा होऊन दोनच वर्षे झाली असताना, १९९३ साली, साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधले सुमारे ५० किलोमीटरचे कुंपण काढण्यात आले. जमीन मालकाची राहिली, पण जनावर मोकळे झाले. सकाळी लोंडोलोझीत दिसलेला हत्ती संध्याकाळी सरकारी हद्दीत चरतो आणि कोणी त्याच्यावर दावा सांगत नाही. आपल्या जमिनीवरचे धन शेजाऱ्याकडे जाऊ देण्याइतका भरवसा ठेवल्यावरच हे रान खऱ्या अर्थाने मोठे झाले.

मात्र पाहुण्याला मोटारीतून दिसत नाही अशी एक गोष्ट उरते. कुंपण नाहीसे झाले नाही, ते पश्चिमेला सरकले. साबी सँडच्या पश्चिम हद्दीवर आजही तार आहे आणि तिच्या पलीकडे बुशबकरिज आहे. पाच लाखांहून अधिक माणसे तेथे दाटीने राहतात. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या लोकांसाठी जे तुटपुंजे मुलूख नेमून दिले होते, त्यांपैकी हा एक भाग. पाण्याची चणचण आणि बेकारी तेथे जुनी आहे. शेकोटीपाशी वाढणारा वाढपी आणि पहाटे ठसे वाचणारा शांगान बहुधा याच गावांतून येतात.

ही माणसे तारेच्या पलीकडे गेली कशी? ते कळण्यासाठी एका नावाचा अर्थ पाहावा. क्रूगर उद्यानाच्या मुख्य छावणीचे नाव स्कुकुझा. हे स्टीव्हन्सन-हॅमिल्टनला स्थानिक लोकांनी दिलेले नाव. त्याचा अर्थ, झाडून साफ करणारा. जनावरांसाठी रान मोकळे करताना त्याने तेथे राहणाऱ्या माणसांनाही बाहेर काढले होते. १९१३ च्या जमीन कायद्याने काळ्या बहुसंख्य प्रजेला देशातील सुमारे सात टक्केच भूमी ठेवली. पुढेही हे थांबले नाही. १९६९ साली क्रूगरच्या उत्तर टोकाच्या पाफुरी भागातून मकुलेके लोकांना बळाने उठविण्यात आले आणि त्यांची जमीन उद्यानाला जोडली गेली. ज्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांवरून पाहुण्यांच्या मोटारी फिरत, त्यांना तेथे यायचे तर परवानगी लागे.

१९९४ साली नवी राजवट आली आणि जमिनी परत मागण्याचा कायदा झाला. रानांच्या प्रेमिकांच्या मनात धडकी भरली, लोक परत येतील, झाडे तोडतील, गुरे घालतील. मकुलेके लोकांनी १९९८ साली आपली सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळविली. मग त्यांनी काय केले? त्यांनी ती रानच ठेवली. वस्ती करायची नाही, नांगर घालायचा नाही, असा करार त्यांनी उद्यानाशी केला. त्या जागी पाहुण्यांची निवासस्थाने चालविण्याचे हक्क देऊन मिळणारे उत्पन्न आणि नोकऱ्या त्यांनी आपल्या गावांसाठी राखून ठेवल्या. साबी सँडमधील मालामाला या रानाचा निवाडा २०१३ साली झाला. सरकारने सुमारे एक अब्ज रँड देऊन तेरा हजारांवर हेक्टर जमीन खरेदी केली आणि ती न्वांडलाम्हारी या हक्कदार समाजाला दिली. पाहुण्यांची ये-जा पूर्वीप्रमाणेच चालू राहिली, फक्त भाडे कोणाच्या जमिनीचे, याचे उत्तर बदलले.

क्वाझुलू-नाताल प्रांतातील फिंडा या रानाची हकिकत अशीच आहे. १९९१ साली तेथे कसदारपणा हरवलेली अननसाची व घायपाताची शेते आणि गुरांची कुरणे विकत घेऊन, हत्ती, गेंडे, सिंह, चित्ते बाहेरून आणून रान नव्याने उभारले गेले. फिंडा या झुलू शब्दाचा अर्थ परत येणे. २००७ साली तेथील जमिनीचा मोठा भाग माखासा आणि म्नकोबोकाझी या शेजारच्या समाजांना परत देण्यात आला. त्यांनी ती रान चालविणाऱ्यांनाच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. प्रथम जनावरे परत आली, नंतर माणसांचा हक्क परत आला.

सर्वच दाव्यांचा निकाल इतका सुरळीत लागलेला नाही. काही ठिकाणी मिळकतीच्या वाटणीवरून त्या त्या समाजातच तंटे उभे राहिले. काही ठिकाणी मालकी बदलली तरी गावातले दारिद्र्य हलले नाही. पण आपली म्हटलेली जमीन लोक उधळून टाकतील, ही भीती या तिन्ही ठिकाणी खरी ठरली नाही. ज्याला रानापासून तोडले त्याच्याच हाती रान सोपविले, तर तो ते राखण्याचा शहाणपणा दाखवितो, हे तेथे दिसून आले.

फिंडा हे नाव भारतीयांनीही लक्षात ठेवावे असे आहे. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आले. त्यांपैकी तीन फिंडाच्या रानातून आले होते, आणि बाकीचेही तेथील वेगवेगळ्या राखीव रानांतले होते. आपल्या देशातून चित्ता संपल्याचे सरकारने १९५२ साली जाहीर केले होते. त्याआधी कोल्हापूरच्या दरबारात शिकारीसाठी पाळलेले चित्ते आफ्रिकेतूनच आणीत. एकेकाळी चित्ता संस्थानिकाच्या हौसेसाठी समुद्र ओलांडून आला, आज तो रान पुन्हा पुरे करण्यासाठी आला. काही चित्ते कुनोत दगावले, काहींना तेथेच पिल्लेही झाली. आफ्रिकेतला बोमा हा शब्द त्यांच्याबरोबर आपल्या वर्तमानपत्रांत आला. ज्या आवारात चित्त्यांना प्रथम ठेवले त्यांना तेच नाव आहे. शब्दांबरोबर अनुभवही यावा. कुनोतून, मेळघाटातून, ताडोब्यातून वाघा-चित्त्यांसाठी गावे हलविली गेली आहेत. हललेल्या माणसाला रानाच्या उत्पन्नात आणि रानाच्या कारभारात वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरता सुटलेला नाही. सह्याद्रीतील देवराया पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, त्या सरकारी पहाऱ्याने राहिल्या नाहीत. ते रान आपले आहे असे गावाला वाटत होते, म्हणून त्या राहिल्या.

जाऊ इच्छिणाऱ्याने दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खासगी रान या नावाखाली वाईट धंदेही चालतात. काही ठिकाणी सिंहांची बंदिस्त पैदास करून छाव्यांना पाहुण्यांच्या मांडीवर खेळवितात आणि मोठे झाल्यावर तेच सिंह आवारात सोडून शिकाऱ्यांच्या गोळीला देतात. २०२१ साली सरकारने नेमलेल्या समितीने हा व्यवसाय बंद करावा अशी शिफारस केली आहे. जेथे सिंहाच्या बछड्याला हात लावू देतात, त्या दारातून सुजाण पाहुण्याने मागे फिरावे. ज्यांना महागडे निवास परवडत नाहीत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. क्रूगरच्या सरकारी छावण्यांत गोल झोपडी भाड्याने घेऊन, स्वतःची मोटार हाकीत, माफक खर्चात तेच हत्ती आणि तेच सिंह पाहता येतात. १९९३ पासून ती जनावरे दोन्हीकडची आहेत. हिवतापाचे औषध वैद्याच्या सल्ल्याने आधी घ्यावे. पाच मोठ्या जनावरांची यादी हातात धरून धावपळ करू नये. हत्ती, गेंडा, रानरेडा, सिंह आणि बिबळ्या यांची ती यादी शिकाऱ्यांनी केली होती, पायी गाठून मारावयास सर्वांत धोक्याची जनावरे म्हणून. पाहणाऱ्याला तिचे बंधन नाही. शेणाचा गोळा ढकलीत नेणारा भुंगाही त्या रानाचा तितकाच मानकरी आहे.

आणि पहाटे मोटारीच्या नाकाडावर बसलेल्या माणसाला, वेळ साधून, त्याचे गाव कुठले ते विचारावे. पुष्कळदा तो पश्चिमेकडे, तारेपलीकडे बोट दाखवील. कधी तो खाली, मोटारीच्या चाकांखालच्या जमिनीकडे बोट दाखवील. ज्या रानात असे उत्तर मिळते त्या रानाचे पाहुणे होण्यात अधिक समाधान आहे.